अजिंठ्याची भिंत आणि आपला पडदा

धुंडिराज गोविंद फाळके १८८५ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले तेव्हा त्यांचे वय पंधरा होते. ही कलाशाळा त्या काळात अजिंठ्यात पुरती गुंतलेली होती. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांकडे येत आणि भिंतीवरची चित्रे कॅनव्हासवर उतरवून घेत. मधल्या खंडासह तेरा वर्षे चाललेले हे काम १८८५ मध्येच आटोपले. म्हणजे ज्या वर्षी अजिंठ्याच्या नकला पुऱ्या झाल्या, त्याच वर्षी भारतीय चित्रपटाचा जनक त्या शाळेच्या पायऱ्या चढला.

मित्रहो, ‘तू इतिहासाचा माणूस, काहीतरी लिही’ असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेचा इतिहास लिहावा अशी अपेक्षा असावी. तो लिहिणारे आपल्यात माझ्यापेक्षा जाणते आहेत. मी महाविद्यालयात तीस वर्षे इतिहास शिकवला, पण मनात सतत घोळत राहिला तो विषय सिनेमाचा. आपल्या १९८३च्या तुकडीला निदान एवढे तरी वाचायला आवडेल असे धरून चालतो. नाहीतरी आपल्यातले निम्मे जण शाळेपेक्षा मोहन, अंजली आणि सादिया टॉकीजमध्ये जास्त शिकले.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याकडे सिनेमा उभा केला तो रंग-कुंचला धरणाऱ्या माणसांनी. फाळके चित्रकार आणि छपाईवाले, बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारे, प्रभातचे दामले आणि फत्तेलाल हे त्याच पेंटरांचे शिष्य. म्हणून आपल्या सिनेमाची पाहण्याची रीत सुरुवातीपासून वेगळी पडली. आपला सिनेमा नाटकी आहे, गाण्यांनी भरलेला आहे, देवाधर्माचा आहे अशी तक्रार आपण पुष्कळदा ऐकतो. त्या तक्रारीचे उत्तर या चित्रकारांकडे आहे.

फाळक्यांचे शिक्षण पाहा. जे. जे. नंतर बडोद्याचे कलाभवन, तिथे चित्रकला, छायाचित्रण आणि साचेकाम. पुढे काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी. मग मळवलीला राजा रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंध. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोचवणाऱ्या छपाईत त्यांचे हात मुरले. गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्यानंतर १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पैसा उभा करण्याआधी त्यांनी घरात एक वाटाण्याचे रोपटे रुजवून त्याची वाढ दिवसादिवसाने टिपली. पडद्यावर मिनिटभरात वेल वर चढताना पाहून सावकार राजी झाले. सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकले, रात्री अंधारात फिल्मच्या पट्टीला भोके पाडली आणि चित्रीकरणाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. त्यांच्या नावाने एखादा पुरस्कार असता तर मला समाधान वाटले असते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीचे काम साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने केले. याच साळुंक्यांनी पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. ‘हरिश्चंद्र’ची जी रिळे आज पाहायला मिळतात, त्यांत माणसे एखाद्या छापील चित्रात बसवावीत तशी उभी दिसतात. राजा मध्ये, राणी बाजूला, मूल पुढे आणि सगळ्यांची तोंडे आपल्याकडे. परदेशी समीक्षक याला कॅमेरा हलवता न येण्याचा दोष म्हणत. मला ते पटत नाही. ज्या माणसाला रोज एक चौकट टिपून वेल वाढवता येते, त्याला कॅमेरा सरकवणे अवघड नव्हते. त्याला माणसे आपल्यासमोर उभी करायची होती, जशी देवळात मूर्ती उभी असते तशी.

त्याचा पुरावा ‘कालिया मर्दन’मध्ये आहे. १९१९च्या या चित्रपटात फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. गोष्ट सुरू होण्याआधी ती थेट कॅमेऱ्याकडे पाहत एकेक भाव करून दाखवते, आणि मग पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. ही आमची पोर आहे आणि हाच देव आहे, दोन्ही एकाच वेळी पाहा, असे ते सांगणे आहे. प्रेक्षकाला फसवण्याचा यात काहीच डाव नाही. कीर्तनकार नाही का मध्येच गोष्ट थांबवून समोरच्या मंडळींशी बोलतो आणि पुन्हा द्रौपदीच्या वस्त्रहरणात शिरतो? तीच तऱ्हा.

आता अजिंठ्याकडे येऊ, कारण ही तऱ्हा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आठवीची सहल आठवते? सतराव्या लेण्यात काळोख होता. बाहेर एक माणूस पत्र्याचा चकचकीत तुकडा धरून उभा होता आणि उन्हाचा कवडसा आत भिंतीवर फेकत होता. कवडसा सरकेल तसतसे एकेक चित्र उजळत होते आणि विझत होते. आपण सगळे दमून खाली बसलो होतो, त्या शीतल जमिनीवर. चित्रकलेचे सर एवढेच म्हणाले, “तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतोय, मोजा.” आपण मोजले. ते विश्वंतर जातक होते. एकाच भिंतीवर राजपुत्र राणीला बातमी सांगतो आहे, पुढे लोकांचा निरोप घेतो आहे, रथातून निघाला आहे, मुलेही दान देऊन टाकतो आहे. तिथे एका चित्रात एक क्षण गोठवलेला नाही. गोष्ट जागेजागेने उलगडते, आणि पाहणाऱ्याने चालत चालत, मान वळवत ती जोडायची. पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या राज्यातल्या चित्रकारांना ही रीत सवयीची होती.

फाळक्यांनी अजिंठ्याची चौकट उचलली असा माझा दावा नाही. इतिहास इतका सोपा नसतो. पण ज्या कलाशाळेत त्यांनी हात घडवला, तिथल्या हवेत ही चित्रे होती. आणि कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीपासून आपल्या गावच्या कीर्तनापर्यंत, चित्र दाखवत गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याला त्यात ओढायचे ही सवय लोकांच्या अंगी होतीच. मुक्या चित्रपटाच्या काळात पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असे. प्रेक्षकांना त्याचे काही नवल वाटले नसणार.

फाळक्यांनी देव समोर आणून उभा केला, तर बाबूराव पेंटरांनी त्याच्या मागची भिंत खरी केली. कोल्हापूरचे हे बाबूराव मेस्त्री. बंधू आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, म्हणून आडनावच पेंटर पडले. कॅमेरा मिळेना तेव्हा त्यांनी तो स्वतः तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग कापायला लावला गेला, आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. ज्याने आयुष्यभर रंगवलेले पडदे टांगले, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा काढून टाकला आणि उभे, त्रिमिती सेट बांधले, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते. पडद्याची लबाडी पडदेवाल्यालाच कळते. प्रत्येक पात्राचा पेहराव ते आधी कागदावर काढत. ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला.

१९२५ चा त्यांचा ‘सावकारी पाश’ मात्र वेगळ्याच वाटेने गेला. ना. ह. आपट्यांची गोष्ट, सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी, शेवटी शहरातली गिरणी. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे नावाच्या मुलाने केले, तेच पुढचे व्ही. शांताराम. देवदेवता, राजेरजवाडे यांच्या गर्दीत झोपडी पडद्यावर आली. आपल्या मराठवाड्यात सावकारी पाश हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तेव्हाच्या प्रेक्षकांनी त्या चित्रपटाला पाठ दाखवली, बाबूराव पुन्हा पोथ्यापुराणांकडे वळले. आज तो चित्रपट पाहायला मिळत नाही.

आता प्रभात. १ जून १९२९ ला कोल्हापुरात कंपनी निघाली, १९३३ मध्ये पुण्यात आली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. दामले आणि साहेबमामा हे जोडीचे चित्रकार, बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. या दोघांनी १९३६ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ हा माझ्या मते आपल्या चित्रपटकलेचा सगळ्यात उंच बिंदू आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

माझ्या आजीने आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, तो हा. पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत तंबू लागला होता. वैजापूर तालुक्यातल्या बायका बैलगाडीने आल्या होत्या. तंबूच्या तोंडाशी सगळ्यांनी चपला काढल्या आणि मगच आत गेल्या. पडद्यावर विष्णुपंत पागनीस दिसले की आजी हात जोडी. आम्ही नातवंडे तिला हसत असू, “आजी, तो नट होता.” ती म्हणे, “नट असंल. मी कुठं नटाला हात जोडले?” सिनेमाच्या सौंदर्यशास्त्रावर मी पुढे बरेच वाचले, पण याहून नेमके वाक्य मला सापडले नाही. पागनीस गाताना सरळ समोर पाहतात. मागे कसलीही हालचाल नाही, चौकट जवळजवळ स्थिर. दामले-फत्तेलालांनी फाळक्यांची ती समोरासमोरची रीत घेतली आणि तिच्यातला भपका काढून टाकला.

आणि मग त्याच चित्रपटात जिजाई येते. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ते काम केले. तुकाराम समोर पाहतात, जिजाई कधीच स्थिर नसते. ती म्हशीला ओढते, चूल फुंकते, पोरांना हाकते, बोलत राहते. मूल आजारी पडल्यावर ती हातात पायताण घेऊन थेट विठ्ठलाच्या देवळात शिरते. एकाच चौकटीत देवाचे चित्र आणि खेड्यातले घर, दोन वेगळ्या रीती शेजारी नांदतात आणि एकमेकींना खोटे पाडत नाहीत. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, मुंबईत तो वर्षाहून जास्त चालला. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक गीत लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून भजनात घेतले. कवीला यापेक्षा मोठी पावती नाही, जरी मानधन वाढत नसले तरी!

शांतारामांची वाट दुसरी. १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये त्यांनी चंद्रमोहनचा नुसता डोळा पडद्याएवढा केला. १९३७च्या ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीतच काढून टाकले. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि घरातले घड्याळ, भांडी, ग्रामोफोन यांचेच आवाज. बोलपट येऊन सहा वर्षे झाली होती, सगळीकडे गाण्यांचा पूर आला होता. संगीत नाटकातली मंडळी घाऊक भावात स्टुडिओत शिरली होती, त्यामुळे ते साहजिकही होते. अशा वेळी शांततेचा उपयोग करायला धाडस लागते.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून पटकन सांगतो. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. त्याच सुमारास आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुढे तमाशापटांचा काळ आला. आपण नववी-दहावीत असताना दादा कोंडक्यांना शिट्ट्या मारत होतो, त्यावर कोणी वेगळा लेख लिहावा. डॉ. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ केला. त्याची गाणी ना. धों. महानोरांची, आपल्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याच्या शेतातून निघालेली. महानोरांच्याच ‘अजिंठा’ या दीर्घकवितेवर नितीन देसाईंनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. त्यातला नायक मेजर रॉबर्ट गिल, जो ग्रिफिथ्सच्याही आधी, १८४४ पासून अजिंठ्याच्या भिंती कॅनव्हासवर उतरवत राहिला. नायिका पारो, तिची कबर अजिंठा गावात आहे.

भानू अथय्या यांची गोष्ट या सगळ्या धाग्यांना एकत्र बांधते. त्या कोल्हापूरच्या. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार, बाबूराव पेंटरांबरोबर काम केलेले. भानूताई स्वतः जे. जे. मध्ये शिकल्या. १९६६च्या ‘आम्रपाली’साठी वैजयंतीमालेचा पेहराव ठरवायला त्या अजिंठ्याला आल्या आणि भिंतीवरच्या स्त्रियांची वस्त्रे, गाठी आणि दागिने पाहून तो पोशाख घडवला. १९८३च्या एप्रिलमध्ये, आपण दहावीची परीक्षा देऊन निकालाची धास्ती घेत बसलो होतो तेव्हा, त्यांना ‘गांधी’साठी ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. आपल्यामागे इथे ती कोणी नीट सांभाळील याची त्यांना खात्री वाटेना.

ही शंका उगाच नव्हती. मी अभ्यासाला बसलो की मला दरवेळी आगी सापडतात. गिलच्या जवळजवळ सगळ्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, चार-पाच तेवढ्या उरल्या. ग्रिफिथ्सच्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्येच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. जुन्या चित्रपटांची नायट्रेट फिल्म तर स्वतःच पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, एकेकाळच्या प्रभातच्याच आवारात, साठवणीच्या खोलीला आग लागली आणि पाच हजारांवर रिळे गेली. त्यांत प्रभातचे नायट्रेटही होते. जे वाचले ते आधी प्रती करून ठेवल्यामुळे वाचले, आणि त्याचे श्रेय बरेचसे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्याकडे जाते. १९६४ मध्ये संग्रहालय निघाल्यावर हा माणूस गावोगाव डबे धुंडाळत फिरला. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूक चित्रपट निघाले. त्यांतले तीसही पुरते हाती नाहीत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ नाही. लोकांनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली, बांगड्यांसाठी विकली.

आणि तरी ती पाहण्याची रीत टिकून आहे. नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. डुक्कर बांबूला बांधून जब्याचे घरचे लोक शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत आणि ते सरळ समोर, आपल्याकडे पाहत आहेत. संवाद नाही. जातककथेच्या भिंतीसारखी ती भिंत आपण चालत चालत वाचतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर. मंदाकिनी फाळके कॅमेऱ्याकडे पाहून हसली होती, त्याला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती. आपल्या शहरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, तिथे विशीतली मुले या दृश्यावर भांडताना मी ऐकली आहेत. भांडण चांगले होते, मी मध्ये पडलो नाही.

आता कामाचे. बाबूराव पेंटरांनी १९२१-२२ च्या सुमारास चित्रपटाबरोबर माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका वाटायला सुरुवात केली. तीच पुढे गाण्यांची चोपडी झाली, जी आपल्या आया-मावशा टॉकीजच्या दारात विकत घेत आणि गव्हाच्या डब्यात ठेवत. जिथे चित्रपट नष्ट झाला आहे तिथे ही चोपडी हाच एकमेव साक्षीदार उरतो. कथा, नटांची नावे, गाणी, छापखान्याचे नाव, सगळे तिच्यात मिळते. आपल्या मराठवाड्यातल्या टॉकीजांची तिकिटे, जाहिरातीची पत्रके, तंबूवाल्यांच्या पावत्या कोणी जमवलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. टॉकीजचे बोर्ड चौकटी आखून रंगवणारे पेंटर आपल्या गल्ल्यांत राहत होते. त्यांच्या घरी स्केचेस असतील.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक, चित्रकलेच्या वर्गात आम्ही चौघे टेबल मांडून बसणार आहोत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडा आणि जे असेल ते घेऊन या. तिथेच स्कॅन करून, तुमचे नाव लिहून, वस्तू लगेच परत देऊ. चोपड्यांच्या गंजलेल्या पिना घरी काढू नका, कागद फाटतो. आणि फाटकी आहे म्हणून कोणी लाजू नका. माझ्याकडे ‘संत तुकाराम’ची आहे, तिला पहिले पान नाही आणि शेवटच्या पानावर आजीने दुधाचा हिशेब लिहिला आहे.